विश्लेषण : ‘बँडविड्थ’, ‘सिनर्जी’, ‘सर्कल बॅक’... कंपन्यांच्या बैठकांतील भाषा कळत का नाही?

मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत तासभर चर्चा होते, सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारतात, ‘‘नक्की ठरलं काय?’’ जड शब्द आणि आद्याक्षरांची ही भाषा वरवर विनोदाचा विषय वाटते. पण तिच्यामुळे कामे रखडतात, नव्या कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास खचतो, नोकरकपातीसारखी बातमी झाकली जाते आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. ही भाषा आली कुठून, लोक ती का वापरतात आणि तिच्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

नेमका प्रश्न काय?

समजा, हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत सोमवारची सकाळची बैठक सुरू आहे. व्यवस्थापक म्हणतो, ‘‘हे क्यू-थ्रीचं लो-हँगिंग फ्रूट आहे. ज्याच्याकडे बँडविड्थ आहे त्याने ओनरशिप घ्या. स्टेकहोल्डर्सबरोबर अलाइन व्हा, डिटेल्स ऑफलाइन घेऊ आणि ईओडीपर्यंत सर्कल बॅक करू.’’

साध्या मराठीत याचा अर्थ एवढाच : ‘‘या तिमाहीतलं हे सोपं काम आहे. ज्याला वेळ आहे त्याने ते करावं. संबंधित लोकांशी बोलून घ्यावं. बाकीचं बैठकीनंतर बोलू आणि आज संध्याकाळपर्यंत पुन्हा भेटू.’’

भाषांतर केल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. काम कोणाचे, हे ठरलेलेच नाही. ‘ज्याला वेळ आहे त्याने’ म्हणजे कोणीच नाही. कोणाशी बोलायचे, पुन्हा कोण कोणाला भेटणार, हेही सांगितलेले नाही. मूळ वाक्यात हा पोकळपणा दिसला नाही, कारण शब्द भारदस्त होते. न कळणारे शब्द हा या भाषेचा दिसणारा दोष आहे. न घेतलेला निर्णय त्यांच्याआड घेतल्यासारखा वाटतो, हा त्याहून मोठा दोष.

प्रत्येक अवघड शब्द वाईट असतो का?

नाही. प्रत्येक व्यवसायाची परिभाषा असते आणि ती लागतेच. डॉक्टर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणतो तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला एका शब्दात नेमकी माहिती मिळते. सॉफ्टवेअर अभियंत्यांचे ‘डिप्लॉयमेंट’, हिशेबनिसांचे ‘घसारा’, वकिलांचे ‘कैफियत’ हे शब्द त्या त्या कामातली हत्यारे आहेत. त्यांना ठरलेला अर्थ आहे आणि त्यांनी वेळ वाचतो.

‘सिनर्जी’, ‘लिव्हरेज’, ‘व्हॅल्यू-ॲड’, ‘मूव्ह द नीडल’ या शब्दांचे तसे नाही. ‘व्हॅल्यू-ॲड करा’ म्हणजे किती, कशात, कोणासाठी? दहा जणांना विचारले तर दहा उत्तरे येतील. परिभाषा आणि शब्दजाल यांतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्या शब्दाऐवजी साधा शब्द घातला, तर काही माहिती हरवते का? हरवत असेल तर ती परिभाषा. काहीच हरवत नसेल, उलट अर्थ स्पष्ट होत असेल, तर ते शब्दजाल.

हे शब्द आले कुठून?

बहुतेक शब्द दुसऱ्या क्षेत्रांतून उसने घेतलेले आहेत. ‘बँडविड्थ’ हा मूळचा रेडिओ आणि दूरसंचार क्षेत्रातला शब्द. तिथे त्याला मोजता येणारा अर्थ आहे. कार्यालयात तो ‘वेळ’ किंवा ‘ताकद’ यासाठी वापरला जातो. ‘टच बेस’ आणि ‘बॉलपार्क’ बेसबॉलमधून आले. भारतात बेसबॉल फारसा खेळला जात नाही, तरी ‘बॉलपार्क फिगर द्या’ हे पुण्यापासून बेंगळूरुपर्यंत ऐकू येते.

‘सिनर्जी’ व्यवस्थापनात रुजवण्याचे श्रेय इगॉर अँसॉफ यांच्या १९६५ मधील पुस्तकाला दिले जाते. ‘पॅराडाइम शिफ्ट’ विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक थॉमस कून यांच्या १९६२ मधील ग्रंथामुळे रूढ झाला. विज्ञानातील मूलभूत उलथापालथीसाठी वापरला गेलेला हा शब्द आता रजेचा अर्ज ऑनलाइन झाला तरी वापरला जातो.

‘स्क्रम’ रग्बीतला. नवे उत्पादन घडवणाऱ्या संघाला ही उपमा हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मधील लेखात दिली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘अजाइल’ जाहीरनामा मांडला आणि ‘स्प्रिंट’, ‘स्टँड-अप’, ‘बॅकलॉग’ हे शब्द जगभर पसरले. गंमत अशी, की कागदपत्रांचे अवडंबर कमी करून माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा होता. त्यातूनच आज नव्या शब्दांचा मोठा डोलारा उभा राहिला आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात तेव्हा?

खरा गोंधळ इथे होतो. न कळलेला शब्द माणूस निदान शोधतो तरी. चुकीचा कळलेला शब्द मात्र तो तसाच घेऊन कामाला लागतो.

याचे गाजलेले उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीत एक विषय ‘टेबल’ करण्यावरून मोठा वाद झाला. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेबल करणे’ म्हणजे विषय चर्चेला घेणे. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवणे. दोन्ही बाजूंना तो विषय चर्चेला हवा होता, तरी दोघे भांडत राहिले. विन्स्टन चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे.

आजच्या भारतीय कार्यालयांत असे कितीतरी शब्द आहेत.

• रिव्हर्ट : भारतात ‘रिव्हर्ट करा’ म्हणजे उत्तर द्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल मागे घेणे. ‘काल पाठवलेल्या बदलावर रिव्हर्ट करा’ या वाक्यावर एक जण ईमेल लिहील आणि दुसरा केलेले काम पुसून टाकेल.

• ईओडी : म्हणजे दिवसअखेर. पण कोणाचा दिवस? न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. हिवाळ्यात साडेतीन.

• क्यू-थ्री : भारतीय आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरले तर ऑक्टोबर ते डिसेंबर. ग्राहक कंपनी जानेवारीपासून वर्ष मोजत असेल तर जुलै ते सप्टेंबर. अंतर तीन महिन्यांचे.

• पीओसी : एखादी कल्पना चालते का हे दाखवणारा प्राथमिक नमुना, किंवा संपर्कासाठीची व्यक्ती. ‘पीओसी कधी तयार होईल?’ आणि ‘पीओसी कोण आहे?’ ही दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत येऊ शकतात.

• पीआर : जनसंपर्क विभागासाठी एक अर्थ, सॉफ्टवेअर विभागासाठी ‘पुल रिक्वेस्ट’ हा दुसरा.

• रॅग : प्रकल्प व्यवस्थापनात लाल-पिवळा-हिरवा असा स्थितिदर्शक संकेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गटात तेच आद्याक्षर बाहेरची माहिती शोधून उत्तर देण्याच्या तंत्रासाठी वापरले जाते.

आकड्यांचेही तेच. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी. भारतीय आणि परदेशी गट एकाच तक्त्यावर काम करत असतील, तर स्वल्पविराम कुठे पडतो यावरूनही घोटाळा होतो. ०३/०४ ही तारीख भारतात ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च.

तरीही लोक असे का बोलतात?

पहिले कारण सवय. वरिष्ठ जसे बोलतात तसे कनिष्ठ बोलू लागतात. दुसरे कारण सुरक्षितता. ‘मी हे शुक्रवारपर्यंत करतो’ म्हटले की शब्द पाळावा लागतो. ‘आम्ही यावर वर्क करतो आहोत’ म्हटले की कोणी पकडू शकत नाही.

तिसरे कारण प्रतिष्ठा. अमेरिकेतील झकरिया ब्राऊन, एरिक ॲनिसिच आणि ॲडम गॅलिन्स्की या तीन संशोधकांनी २०२० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ६४ हजार प्रबंधांची शीर्षके तपासली. क्रमवारीत खाली असलेल्या विद्यापीठांतील प्रबंधांच्या शीर्षकांत जड शब्द आणि आद्याक्षरे अधिक आढळली. प्रयोगांतही तेच दिसले. आपल्यापेक्षा वरच्या दर्जाच्या माणसांशी स्पर्धा आहे असे सांगितल्यावर लोक जड भाषेकडे अधिक वळले. थोडक्यात, आपले स्थान डळमळीत वाटते तेव्हा माणूस शब्दांचा आधार घेतो. ज्याचे स्थान पक्के असते, त्याला साधे बोलणे परवडते.

हा डाव बऱ्याचदा उलटतो. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये दाखवून दिले, की विनाकारण मोठे शब्द वापरणारा लेखक वाचकांना कमी हुशार वाटतो. या अभ्यासाला त्याच वर्षी साहित्याचा ‘इग नोबेल’ हा गमतीदार पण मानाचा पुरस्कार मिळाला.

चौथे कारण बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याचे. ही युक्ती केवळ कंपन्यांची नाही. महाराष्ट्रातल्या बैलबाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची पद्धत जुनी आहे. सौदा सगळ्यांसमोर होतो, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नाही. बैठकीतल्या आद्याक्षरांचे काम अनेकदा त्या रुमालासारखेच असते.

नव्या कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होतो?

ओहायो स्टेट विद्यापीठातील हिलरी शुलमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे ६५० प्रौढांवर एक प्रयोग केला. स्वयंचलित मोटारी, शस्त्रक्रिया करणारे यंत्रमानव अशा विषयांवरील उतारे काहींना सोप्या भाषेत आणि काहींना तांत्रिक शब्दांसह वाचायला दिले. तांत्रिक शब्द वाचणाऱ्यांना तो विषय ‘आपला नाही’ असे वाटू लागले, त्यांचा रस कमी झाला आणि आपल्याला यातले कळत नाही अशी भावना वाढली. शब्दांचे अर्थ सोबत दिले तरीही परिणाम फारसा बदलला नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकी पूर्ण केलेल्या तरुणासाठी हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. त्याला विषय येत असतो, इंग्रजीही कामापुरते येत असते. तरी पहिल्याच आठवड्यात बैठकीतले निम्मे शब्द डोक्यावरून जातात, तेव्हा तो दोष स्वतःच्या इंग्रजीला देतो. प्रत्यक्षात हे शब्द इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही त्या अर्थाने सहसा सापडत नाहीत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या नवख्यालाही ते कळत नसतात. फरक एवढाच, की तो विचारायला कमी घाबरतो. दुसरा गप्प बसतो आणि गप्प बसणाऱ्याला ‘पुढाकार नाही’ असा शेरा मिळतो.

शब्दांमुळे जिवावर बेतले, असे कधी घडले?

कोलंबिया अंतराळयानाचा अपघात हे त्याचे सर्वात गंभीर उदाहरण मानले जाते. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८० हून थोड्या अधिक सेकंदांनी बाहेरील टाकीवरचा फोमचा तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. चित्रफितीत ते दिसले. यान अवकाशात असतानाच कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज बांधला आणि तो ‘पॉवरपॉइंट’वर नासाच्या अधिकाऱ्यांसमोर मांडला.

त्यातल्या एका पानाचे पुढे बारकाईने विश्लेषण झाले. वरचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे, असा त्याचा रोख होता. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द आणि त्याची रूपे त्या एका पानावर पाच वेळा आली होती. प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा आणि कुठेच नेमका नव्हता. खरी महत्त्वाची गोष्ट सर्वात खाली, बारीक अक्षरात होती. यानावर आदळलेला तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने सुमारे ६४० पट मोठा होता. म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर दिलासा दिला जात होता, त्या इथे लागूच होत नव्हत्या.

अधिकाऱ्यांनी धोका गंभीर नसल्याचे मानले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान टेक्सासच्या आकाशात फुटले. कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

अपघाताचे भौतिक कारण फोमचा आघात हेच होते. शब्दांनी पंखाला भोक पाडले नाही. पण ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने या पानाची दखल घेतली आणि तांत्रिक अहवालांऐवजी पॉवरपॉइंटवर विसंबण्याच्या नासातील सवयीवर बोट ठेवले. माहितीचे दृश्यरूप या विषयाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांचे विश्लेषणही मंडळाने विचारात घेतले होते. ‘तुकडा ६४० पट मोठा आहे, आमच्या चाचण्या इथे चालत नाहीत’ एवढे साधे वाक्य सर्वात वर असते, तर बैठकीतली चर्चा वेगळी झाली असती.

वाईट बातमी झाकण्यासाठी ही भाषा कशी वापरतात?

जगभरच्या कंपन्यांत ‘लोकांना काढतो आहोत’ असे क्वचितच म्हटले जाते. ‘राइटसायझिंग’, ‘रीअलाइनमेंट’, ‘हेडकाउंट ऑप्टिमायझेशन’ असे शब्द येतात. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने १८ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यातल्या सुमारे १२,५०० नोकऱ्या नोकियाकडून घेतलेल्या उपकरण विभागाशी संबंधित होत्या. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्राची सुरुवात ‘हॅलो देअर’ अशी होती. व्यूहरचना आणि उत्पादनांविषयीचा बराच मजकूर वाचून झाल्यावर कपातीचा आकडा येत होता. वाईट बातमी कशी सांगू नये, याचा नमुना म्हणून त्या पत्रावर मोठी टीका झाली.

भारतात शब्दांच्या या खेळाला कायदेशीर बाजूही आहे. बोलताना आपण ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली असे समजतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ पासून चालत आलेल्या व्याख्येनुसार मात्र ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरते काम देता न येणे. कायमचे काढणे म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’, अर्थात छाटणी. दोन्हींची भरपाई वेगळी. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरणाऱ्या व्यक्तीची छाटणी झाली तर तिला भरपाईचा हक्क आहे. स्वतः राजीनामा दिला तर छाटणीची भरपाई मागता येत नाही.

म्हणून बंद खोलीत ‘म्युच्युअल सेपरेशन’, ‘ट्रान्झिशन’ असे मऊ शब्द कानावर पडले, तर पहिला प्रश्न हाच असावा : कंपनी मला काढते आहे, की मी राजीनामा द्यावा असे कंपनीला वाटते? आणि उत्तर लेखी मागावे.

‘रिसोर्स’ हा शब्दही याच माळेतला. ‘दोन रिसोर्स कमी करा’ म्हणणे सोपे जाते. ‘दोन माणसे कमी करा’ म्हणताना जीभ थोडी अडखळते.

काही कंपन्यांनी उपाय केले का?

ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. त्याऐवजी सलग गद्यात लिहिलेले सहा पानांपर्यंतचे टिपण आणायचे, बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी ते शांतपणे वाचायचे आणि मग चर्चा करायची, असा नियम झाला. बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१७ सालच्या पत्रात ही पद्धत सांगितली आहे. यामागचा विचार सरळ आहे. सुटे मुद्दे लिहिताना कच्चे दुवे लपवता येतात. पूर्ण वाक्यात ‘कारण’ आणि ‘म्हणून’ लिहावे लागते, तेव्हा विचारातली भोके उघडी पडतात.

इलॉन मस्क यांनी मे २०१० मध्ये स्पेसएक्सच्या कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून मनमानी आद्याक्षरांवर बंदी घातली. त्यांचा एक मुद्दा मजेशीर होता. एका चाचणी-मंचाचे आद्याक्षरी नाव उच्चारायला त्याच्या ‘ट्रायपॉड’ या साध्या नावापेक्षा जास्त वेळ लागत होता. नव्या माणसाला बैठकीत अडाणी वाटायला नको म्हणून तो गप्प बसतो, हे निरीक्षणही त्या ईमेलमध्ये होते. अर्थात एका ईमेलने सवय जात नाही. २०१८ मध्ये टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनाही त्यांना तेच पुन्हा सांगावे लागले.

गुंतवणूकदार वॉरेन बफे यांचा उपाय घरगुती आहे. अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने १९९८ मध्ये काढलेल्या सोप्या इंग्रजीच्या पुस्तिकेला त्यांची प्रस्तावना आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना आपण डोरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतो आहोत अशी कल्पना करतो, असे त्यांनी तिथे म्हटले आहे. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नाहीत. त्यांना कळेल तेच लिहायचे.

नियम-कायदे काय सांगतात?

अमेरिकेत ऑक्टोबर २०१० मध्ये ‘प्लेन रायटिंग ॲक्ट’ झाला. सरकारी खात्यांनी जनतेसाठीची कागदपत्रे समजेल अशा भाषेत लिहावीत, असे तो सांगतो. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, सोप्या भाषेचे मानक प्रसिद्ध केले. त्याचे सार चार कसोट्यांत आहे : वाचकाला हवे ते मिळावे, ते सहज सापडावे, ते समजावे आणि ते वापरता यावे.

भारतात ग्राहकांसाठी काही पावले पडली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांसाठी मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. आरोग्य विम्याच्या ग्राहकांनाही १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीची ठळक माहिती सोप्या पत्रकात मिळू लागली. कंपनीच्या आत, बैठकीच्या खोलीत मात्र असा कोणताही नियम नाही. तिथे सवयीच बदलाव्या लागतात.

मराठीत हा दोष नाही का?

आहेच. ‘उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य मराठीच आहे. पण कार्यवाही कोण करणार, कोणती आणि केव्हा, यांपैकी काहीच त्यात नाही. ‘करण्यात येईल’ या रचनेत करणारा अलगद गायब होतो. ‘ओनरशिप घेऊ या’ आणि ‘कार्यवाही करण्यात येईल’ ही दोन भाषांतली सख्खी भावंडे आहेत.

त्यामुळे इंग्रजी शब्द काढून मराठी घातले की प्रश्न सुटला, असे नाही. ‘मीटिंग’, ‘ईमेल’, ‘प्रोजेक्ट’ हे शब्द सगळ्यांना कळतात. त्यांना हरकत नाही. आणि ‘समन्वयात्मक परिणामकारकता’ म्हटल्याने ‘सिनर्जी’ अधिक कळत नाही. शब्द कोणत्या भाषेतला आहे यापेक्षा समोरच्याला त्यातून काय करायचे ते कळले का, हे महत्त्वाचे.

बैठकीत बसलेल्या माणसाने काय करावे?

• शब्दाऐवजी कृती विचारावी. ‘बँडविड्थ म्हणजे काय?’ असे विचारायला संकोच वाटतो. ‘म्हणजे हे काम नक्की कोण करणार?’ असे विचारायला वाटत नाही, आणि उत्तर त्याच प्रश्नातून मिळते.

• आपल्या शब्दांत परत सांगावे. ‘मला असं कळलं की मी गुरुवारी दुपारी चारपर्यंत चाचणीचा अहवाल पाठवायचा आहे. बरोबर ना?’ विमानचालक हवाई वाहतूक नियंत्रकाची प्रत्येक महत्त्वाची सूचना अशीच परत उच्चारतात. त्यात कमीपणा नाही.

• तारीख आणि वेळ पूर्ण लिहावी. ‘ईओडी’ऐवजी ‘१२ ऑगस्ट, संध्याकाळी सहा, भारतीय वेळ’.

• आद्याक्षर पहिल्यांदा आले की पूर्ण रूप मागावे. गटाची एक सामायिक यादी ठेवावी. नवा माणूस रुजू झाला की ती त्याला द्यावी आणि त्याला न कळलेले शब्द त्यात घालायला सांगावे. कोणते शब्द अडतात, हे त्याच्याइतके कोणालाच दिसत नाही.

• बैठकीनंतर तीन ओळी लिहाव्यात. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर बैठकीत काही ठरलेच नाही असे समजावे.

• वरिष्ठांनी आधी विचारावे. खोलीतल्या सर्वात वरिष्ठ व्यक्तीने ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हटले, की इतरांना विचारण्याची मुभा मिळते. कनिष्ठाला या प्रश्नाची किंमत मोजावी लागू शकते, वरिष्ठाला नाही.

नव्वदच्या दशकात सिलिकॉन व्हॅलीत ‘बझवर्ड बिंगो’ नावाचा खेळ निघाला. तक्त्यावर असे शब्द लिहायचे, बैठकीत ऐकू आले की खूण करायची आणि ओळ पूर्ण झाली की जिंकायचे. १९९६ मध्ये एमआयटीच्या पदवीदान समारंभात तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर बोलायला उभे राहिले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातात असेच तक्ते होते. आज तीस वर्षांनंतरही हा खेळ जुना वाटत नाही. त्यात जिंकायला बोलणाऱ्याचे म्हणणे समजावे लागत नाही, नुसते शब्द ऐकू आले तरी पुरते. अनेक बैठकांत माना डोलावणाऱ्यांचेही हेच चाललेले असते.